तेरावं लागलंय

सकाळपासून डोकं फिरलंय, लिहूनच टाकतो.

सातारा-स्वारगेट एसटी. पुढच्या सीटवर एक बाई आणि तिचा मुलगा. कंडक्टरने विचारलं, "बाळ केवढ्याचं?" बाई म्हणाली, "चारचं." पोरगं लगेच, "आई, सहाचा केक कापला की आपण!" बाईने त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की कळ मला गेली. कंडक्टर खिडकीबाहेर बघत पुढे सरकला.

एसटीत पाच वर्षांपर्यंत फुकट, बारापर्यंत अर्धं. बाईचं स्वतःचं तिकीटही २०२३ पासून अर्धंच. तेवढ्यासाठी पोराला खोटं पाडायचं? आणि हीच माणसं घरी बसून पुढाऱ्यांना चोर म्हणणार!

माझ्या लहानपणीची गोष्ट आठवली. मी बारा पूर्ण होऊन दोन महिने झालेला, अंगाने काडी. वडील टेलर. वाईहून साताऱ्याला निघालेलो. कंडक्टर स्वतःहून म्हणाला, "काका, अर्धं चालतंय की, पोरगं बारकंच आहे." वडील म्हणाले, "बारकं आहे, पण तेरावं लागलंय." कंडक्टरने पंच टकटकवत फुल तिकीट फाडलं आणि माझा स्टँडवरचा उसाचा रस गेला. मी रडकुंडीला. परतीच्या वाटेवर एक शब्द बोललो नाही त्यांच्याशी. जगात एवढा बावळट माणूस नसेल असं वाटत होतं मला.

बरं, त्या बाईची काय अडचण असेल ती असेल, मान्य. महिनाअखेर आहे. पण अडचण आमच्याकडे काय कमी होती? उधारीवर दोरे आणायचे वडील. तरी "तेरावं लागलंय" म्हणताना त्यांचा आवाज जरासुद्धा खाली गेला नव्हता. मोठेपणाही नव्हता त्यात. गिऱ्हाइकाला छातीचं माप सांगावं तसं सांगितलं.

खंबाटकी उतरेपर्यंत मी त्या बाईला मनातल्या मनात झापत होतो. मग गेल्या वर्षीचं वॉटर पार्क आठवलं. तिथे उंचीवर तिकीट. लेक पट्टीला उभी राहिली आणि मी, त्याच टेलरचा मुलगा, तिच्या कानात म्हणालो, "जरा गुडघे वाकव."

वाकवले तिने.

आता घरी आल्यावर विचारलं, आठवतंय का. मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "हो. काउंटरवरच्या काकांनी बघितलं होतं, बाबा. ते हसले."