वर्गणी वर्षाची, अटी बदलत्या

१७ जून २०२५ पासून ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर भारतातही चित्रपट आणि मालिकांच्या मध्ये जाहिराती दिसू लागल्या. वर्षाची १,४९९ रुपयांची वर्गणी तेवढीच राहिली. जाहिराती नको असणाऱ्यांसाठी वर्षाला आणखी ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये भरण्याची सोय मात्र तत्परतेने झाली. (२०१६ साली ही वर्गणी ४९९ रुपये होती.) या वर्गणीत सामान लवकर घरपोच मिळण्याची सेवाही येते, हे खरे, पण ज्यांनी वर्षभराचे पैसे आधीच भरले होते, त्यांनी पैसे भरताना जाहिरातींना होकार दिलेला नव्हता.

जाहिरातींना माझा सरसकट विरोध नाही. २०२५च्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार सुरू झाले, तेव्हा जाहिरातींसह वर्षाला ८९९ आणि जाहिरातींविना १,४९९ रुपये असे दर होते. हा व्यवहार मला पटतो, कारण ग्राहक पैसे देण्यापूर्वीच दोहोंतला फरक जाणतो. (महागड्या योजनेतही थेट प्रक्षेपित सामन्यांत जाहिराती असतातच, दोन षटकांमधली जाहिरात बहुधा क्रिकेटच्या नियमावलीत गेली असावी.)

मला खटकते ते हे की, ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या या माध्यमावर, जाहिरातींच्या वेळेची कोणतीही मर्यादा नाही. दूरचित्रवाणी वाहिन्यांना केबल नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती दाखवता येतात आणि त्यांतली दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीसाठी धरलेली असतात. वाहिन्या ही मर्यादा कितपत पाळतात, हे संध्याकाळी मालिका पाहणारे कोणीही सांगेल. तरी बोट ठेवायला निदान नियम तरी आहे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवर वयोगटानुसार वर्गीकरण आणि तक्रार निवारणाची व्यवस्था बंधनकारक केली, जाहिरातींच्या मिनिटांविषयी मात्र काहीच ठरवले नाही. म्हणजे समजा, आज तासाला चार मिनिटे असलेल्या जाहिराती उद्या दहा मिनिटांच्या झाल्या, तरी तक्रार करण्यासाठी आधार नाही.

त्यात एक मराठी चित्रपट एका ॲपवर आणि दुसरा दुसऱ्यावर, म्हणून घरोघरी तीन-चार वर्गण्या चालू असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑटोपेचे, म्हणजे खात्यातून आपोआप जाणाऱ्या वर्गणीचे, पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी संदेश येतो आणि तो फार उपयोगी आहे. पण त्यात रक्कम आणि तारीख कळते, त्या रकमेत मिळणारी सेवा मधल्या काळात बदलली आहे का, हे कळत नाही.

वार्षिक वर्गणी घेताना असलेल्या अटी मुदत संपेपर्यंत कायम राहाव्यात आणि तासाला जाहिरातींची मिनिटे किती, हे पैसे भरण्याच्या पानावरच लिहिलेले असावे, एवढी माझी अपेक्षा आहे. तोवर मी वार्षिक सवलतीचा मोह सोडून, जे पाहायचे असेल त्यापुरती एका महिन्याची वर्गणी घेतो आणि ऑटोपे त्याच दिवशी बंद करतो. हिशेबाने ते थोडे महाग पडते.