साळिंदर काटे फेकत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

सगळ्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की साळिंदर चिडलं की लांबूनच बाणासारखे काटे सोडतं, काट्यावरचे काळे पट्टे म्हणजे विष, आणि काटा घरात आला की भांडणं लागतात. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि यात जीव त्या जनावराचा जातो म्हणून लिहितोय.

काटे फेकण्याचं आधी. काटा म्हणजे केसच, जाड आणि टणक झालेला, आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याचाच. कातडीखालच्या स्नायूंनी साळिंदर ते उभे करतं, बस, हवेत सोडायची सोयच शरीरात नाहीये. होतं काय, कुत्रा मागे लागला की ते आधी शेपटी हलवतं, शेपटीवरचे पोकळ काटे खुळखुळ्यासारखे वाजतात, पाय आपटतं, आणि तरी कुत्रा हटला नाही तर गर्रकन वळून पाठमोरं त्याच्या अंगावर जातं. काटे मुळाशी ढिले, ते कुत्र्याच्या तोंडात रुततात आणि सुटून तिथेच राहतात. काळोखात हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात होतं, मग बघणाऱ्याला वाटतं फेकलेच.

आता विष. आमच्या सुरणाच्या वाफ्यात सकाळी उकरलेल्या मातीत एक काटा सापडला होता, वीतभर, हातात घेतला तर एकदम हलका, आणि काळा पट्टा, पांढरा, परत काळा. नखाने खरवडला, पाण्यात धुतला, काही निघालं नाही, कारण तो लेप नाहीच, काटा मुळातून वाढताना कधी रंगद्रव्य मिळतं कधी नाही, त्याचे ते पट्टे. रात्री रंग दिसत नाहीत पण काळं-पांढरं उठून दिसतं, म्हणजे जवळ येऊ नको अशी पाटीच ती.

जखम चिघळते हे मात्र खरं. जिम कॉर्बेटने मारलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीचा साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गेला होता आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे घुसले होते. पण ते विषाने नाही, काटा आत राहून पू झाल्याने.

भांडणाचं तर काय बोलायचं, ती घरात आधीपासूनच असतात. पण असल्या समजुतींपायी, दुसऱ्याच्या घरात टाकायला म्हणून, काट्यांना गिऱ्हाईक मिळतं, त्यासाठी साळिंदर मारलं जातं, आणि साळिंदराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे हे कुणी सांगत नाही.

आणि कुत्र्याला काटे लागलेच तर घरी पिळून-ओढून काढू नका, मोडून आत राहतो, सरळ गुरांच्या डॉक्टरकडे न्या.