अन्न पेशींत 'जळतं' का? बाईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

बाई,

उत्तराला आठवडा लागला, त्याबद्दल क्षमस्व. दोन ओळींत आटोपण्यासारखी तुमची प्रतिक्रिया नव्हती. तुम्ही नाव दिलेलं नाही, पण तीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं असं लिहिलंय, म्हणून बाई म्हणतो.

ज्यांनी आधीचं काही वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या लेखात मी लिहिलं होतं, 'चुलीत सरपण जळतं तसंच पेशींत अन्न जळतं आणि त्या उष्णतेवर शरीर चालतं.' बाईंचे त्यावर तीन आक्षेप आहेत. पहिला, हे वाक्य चूक आहे. त्यांच्याच शब्दांत, 'मुलांच्या डोक्यातली ही चूल विझवण्यात माझी नोकरी गेली, आणि तुम्ही ती परत पेटवून दिलीत.' दुसरा, ऊर्जेवरच्या अख्ख्या लेखात एटीपीचं, म्हणजे पेशी ज्या रेणूच्या रूपात ऊर्जा खर्च करते त्याचं, नाव नाही, मग ग्लुकोजच्या एका रेणूमागे ३८ एटीपी हा हिशेब तर दूरच. तिसरा, वजन उतरतं तेव्हा चरबी मुख्यतः श्वासावाटे जाते हे विधान फॉरवर्डमधून उचललेलं वाटतं.

पहिला आक्षेप मी स्वीकारतो. दुसरा अर्धा स्वीकारतो. तिसरा नाही.

चूल माझ्या लिहिण्यात कुठून आली ते आधी सांगतो. माझं लहानपण गुऱ्हाळाच्या आसपास गेलं. चुलवाणात चिपाडं सारायची, वर काहिलीत रस आटायचा. पुढे कॉलेजात कळलं की चिपाडातलं सेल्युलोज ग्लुकोजच्याच साखळ्यांचं असतं आणि गुळातल्या साखरेतही ग्लुकोज असतंच. तेच ग्लुकोज खाली जळतंय आणि वर आपल्यासाठी तयार होतंय, हे चित्र तेव्हापासून मनात घट्ट बसलं. लेख लिहिताना ते आपसूक उतरलं.

या चित्राला इतिहासाचाही आधार आहे. लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजलं, आणि त्याने जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला तेवढाच सोडणारा कोळसा किती बर्फ वितळवतो तेही मोजलं. आकडे जवळपास जुळले. श्वसन हे मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १८९०च्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर यांनी खोलीएवढ्या पेटीत माणसं दिवसचे दिवस ठेवली. खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा आणि शरीराबाहेर आलेली ऊर्जा यांचा ताळा बसला. पाकिटावर पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांना ग्रॅममागे ४, स्निग्ध पदार्थांना ९ कॅलरी लिहितात, ते आकडे याच कामातून आलेले आहेत.

म्हणजे जमाखर्चापुरतं ज्वलन खरं आहे. आत काय गेलं आणि बाहेर काय आलं एवढंच पाहिलं तर चूल आणि माणूस यांत फरक दिसत नाही. माझी चूक वाक्याच्या उत्तरार्धात आहे: 'त्या उष्णतेवर शरीर चालतं.' ती किरकोळ नाही, आणि तुम्ही ती पकडलीत म्हणून हे सगळं लिहितोय.

उष्णतेकडून काम करून घ्यायचं तर एक बाजू गरम आणि दुसरी गार लागते. वाफेचं इंजिन, चंद्रपूरचं औष्णिक केंद्र, मोटारसायकलचं इंजिन, सगळीकडे तोच नियम. आपलं शरीर तर आतून बाहेरून सदतीस अंशांच्या आसपास. स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्सा प्रत्यक्ष कामात उतरवतात. तेवढं काम उष्णतेच्या इंजिनाने करायचं म्हटलं, तर आदर्श यंत्रातसुद्धा गरम बाजू १४० अंश सेल्सिअसवर ठेवावी लागेल. घरातला प्रेशर कुकर १२०च्या आसपास असतो. जिना चढताना आपल्या मांडीत कुकरपेक्षा गरम काही नसतं, म्हणजे मांडी उष्णतेवर चालत नाही. दहावीच्या मुलाला एवढ्यावरून चुलीचा प्रश्न निकालात काढता येईल.

मग ती कशावर चालते? भंडारदऱ्याकडून घाटघरला गेलात तर तिथे उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. वरचं धरण घाटघरला, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून अडीचशे मेगावॅटपर्यंत वीज करतात. आग कुठेच नाही, आहे ती पाण्याची उंची.

आपल्या पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांत) हीच तऱ्हा आहे. खाल्लेली पोळी असो, तूप असो की डाळ, तिचे तुकडे होत होत शेवटी मिळवायचे ते इलेक्ट्रॉन. एनएडीसारखे वाहक ते उचलून तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यापाशी आणतात. तिथे ते एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे असे पायरीपायरीने उतरतात आणि शेवटी ऑक्सिजनच्या हाती पडतात. त्याचं पाणी होतं. चुलीत ऑक्सिजन थेट लाकडातल्या कार्बनला भिडतो. शरीरात तसं होत नाही. श्वासातून घेतलेला ऑक्सिजन पेशीत जाऊन पाणी बनतो, आणि आपण सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातून आणि पेशीतल्या पाण्यातून आलेला असतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा चुलीचं चित्र तिथेच सोडायला हवं होतं.

इलेक्ट्रॉन उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर ही प्रथिनं प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलतात. हे घाटघरचे पंप. पलीकडे साठलेल्या प्रोटॉनना परतायला मोठी वाट एकच, एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन. त्यातून जाताना ते प्रथिन अक्षरशः गरागरा फिरतं आणि प्रत्येक फेऱ्याला तीन एटीपी घडवतं. १९९७ साली जपानी संशोधकांनी त्याच्या दांड्याला चमकणारा धागा जोडून हे फिरणं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पडद्याच्या दोन बाजूंमधला दाब दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास असतो, घड्याळातल्या सेलच्या दहाव्या हिश्श्याइतका. पण पडद्याची जाडी मिलिमीटरचा दोन लाखावा भाग! मीटरच्या हिशेबात तो दाब तीन कोटी व्होल्ट भरतो. हे या क्षणी तुमच्या बोटांच्या टोकांत चालू आहे.

पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ साली मांडली तेव्हा बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांना ती पटली नाही. सगळे मधला एखादा ऊर्जावाहक रेणू शोधत होते आणि तो सापडत नव्हता. मिचेल कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्यात छोटी प्रयोगशाळा थाटून काम करत राहिले. १९७८ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता ज्या गोष्टीने माझी चूक मलाच पुरती पटली ती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन वापरत. ते हाताळणारे कामगार वाळत, घामाने निथळत, ताप चढे, काही दगावले. १९३३ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तेच रसायन वजन उतरवायचं औषध म्हणून पुढे आणलं. अमेरिकेत ते सर्रास विकलं जाऊ लागलं. वजन खरोखर उतरायचं. मग मोतीबिंदूच्या तक्रारी आल्या, मृत्यू झाले, आणि १९३८च्या कायद्यानंतर ते बाजारातून गेलं. आजही काही जण ते चोरून मागवतात आणि त्यात माणसं मरतात. कुणी 'चरबी जाळणारी पावडर' म्हणून असलं काही दिलं तर हातसुद्धा लावू नका, हे मी सगळ्या वाचकांना हात जोडून सांगतो.

हे रसायन पडद्याला गळती लावतं. वर चढवलेलं पाणी टर्बाइनकडे न जाता भिंतीतूनच पाझरून खाली यावं, तसे प्रोटॉन परततात. पंप आणखी जोराने चालतात, अन्न भराभर संपतं, ऑक्सिजन जास्त लागतो, एटीपी मात्र घटतो. सुटलेली सगळी ऊर्जा उष्णता होते. माझं मूळ वाक्य खरं असतं तर ही माणसं सगळ्यांत ताकदवान व्हायला हवी होती, कारण अन्न तर कधी नव्हे इतकं 'जळत' होतं. प्रत्यक्षात ती थकून, तापून गेली. अन्न जळणं आणि शरीराला ऊर्जा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून ठसठशीत पुरावा मला माहीत नाही.

(तान्ह्या बाळाच्या पाठीवरच्या तपकिरी चरबीत अशीच गळती निसर्गाने मुद्दाम ठेवलेली आहे, बेताची आणि आटोक्यातली. बाळ थंडीत कुडकुडू शकत नाही, त्याला ऊब तिथून मिळते. तेवढ्या जागी चूल हा शब्द शोभतो.)

आता एटीपी. नाव टाळलं हे चुकलंच. वाचक बिचकतील अशी भीती होती, पण बाई म्हणतात ते बरोबर आहे, दहावीची मुलं ज्याला ऊर्जेचं चलन म्हणून ओळखतात त्याला मोठ्यांनी घाबरायचं कारण नाही. शिवाय त्याच्या शोधात आपल्याकडच्या माणसाचा हात आहे. १९२९ साली जर्मनीत लोमान यांना एटीपी सापडला, आणि त्याच वर्षी हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासोबत आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे वेगळा केला. एका वेळी शरीरात जेमतेम शे-दीडशे ग्रॅम एटीपी असतो. तोच दिवसातून शेकडो वेळा मोडला आणि घडवला जातो, इतका की दिवसाची बेरीज आपल्या वजनाच्या घरात जाते.

मात्र ३८ या आकड्याबद्दल माझा नम्र विरोध आहे. शाळेच्या पुस्तकांत तो वर्षानुवर्षं होता, मीही घोकला होता. तो हिशेब इलेक्ट्रॉन आणणाऱ्या दर एनएडीमागे पूर्ण तीन एटीपी धरून केलेला. मधला एखादा रेणू असता तर पूर्णांक यायला हवे होते. पण धरणातून किती युनिट वीज निघाली हे पूर्णांकात येत नाही. दर एनएडीमागे साधारण दहा प्रोटॉन पलीकडे जातात, आणि एक एटीपी घडवून तो पेशीत पोचवायला चारच्या आसपास प्रोटॉन परत यावे लागतात. म्हणजे अडीच. त्या हिशेबाने ग्लुकोजमागे ३० ते ३२ एटीपी पडतात. वर पडद्याची थोडी नैसर्गिक गळती असते, म्हणून प्रत्यक्षात आणखी कमी. चूल विझवायला तुम्ही निघालात, आणि ३८ हा आकडा धरणाआधीच्या काळातला आहे, एवढंच म्हणतो.

तिसरा आक्षेप, चरबी श्वासातून जाण्याचा. हे फॉरवर्डमधलं नाही. मेअरमन आणि ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशेब छापला. दहा किलो चरबी शरीराने पूर्ण वापरली तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांवाटे जातात, उरलेले १.६ किलो पाणी होऊन. चरबीच्या वजनात पाऊण हिश्श्याहून जास्त कार्बनच असतो, आणि त्याला शरीराबाहेर जायला श्वासाशिवाय दुसरी मोठी वाट नाही. 'चरबीची उष्णता होते' असं म्हटलं तर दहा किलो वस्तुमान कुठे गेलं, याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत, मग नुसता जोरजोरात श्वास घेऊन बारीक होता येईल का? नाही. त्याने रक्तात आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चक्कर येते. पेशीत नवा किती तयार होतो हे ठरतं एटीपी किती खर्च झाला यावर, म्हणजे चालण्यावर, चढण्यावर, काम करण्यावर.

मूळ लेखातलं ते वाक्य काल बदललं. आता तिथे असं आहे: 'अन्नातले इलेक्ट्रॉन पायरीपायरीने ऑक्सिजनपर्यंत उतरतात, त्या उतरणीच्या जोरावर पेशी प्रोटॉन पडद्यापलीकडे चढवते, आणि ते परतताना एटीपी घडतो, अंगाची ऊब या सगळ्या कामातून उरलेली असते.' जुनं वाक्य खाली तसंच ठेवलंय, कुणाच्या आक्षेपावरून बदललं ते लिहून.

हे नवं वाक्य मोठ्यांसाठी ठीक आहे, पण आठवीच्या मुलाला त्यातले निम्मे शब्द अडतील. तीस वर्षं चूल विझवताना तुम्ही तिच्या जागी फळ्यावर काय काढत होतात, ते सविस्तर लिहाल का? पुढचा लेख मला तिथून सुरू करायचा आहे.