ट्रॅव्हर्टाइनला लिंबू लावण्याआधी जरा नळाकडे बघा

मागच्या आठवड्यात रात्री पावणेदहाला मावशीचा फोन आला. "अगं, लिंबाने पुसलं की चमकतं म्हणे ना? इथे तर पांढरं पडलंय. नवा ओटा आहे गं माझा!"

मावशी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते. दिवाळीआधी तिने स्वयंपाकघराचं काम काढलं आणि ओट्याला, डॅडोला म्हणजे ओट्यामागच्या भिंतीला ट्रॅव्हर्टाइन लावलं. दगड सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल. मला एकटीला तो तीन ग्रुपवर आलाय, तुम्हालाही आला असेलच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रॅव्हर्टाइन २००० वर्षं टिकतो, रोमचं कोलोसियम बघा. देखभाल शून्य. लिंबाने किंवा व्हिनेगरने पुसा, चमक वाढते. डाग हट्टी असेल तर टॉयलेट क्लीनर, तरी न गेल्यास त्यात थोडी ब्लीचिंग पावडर. सीलर, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून दगडाला लावायचं द्रावण, एकदाच मारा, जन्मभर बघायला नको. घर १० अंशांनी थंड राहतं. दगडातली भोकं म्हणजे त्याचा श्वास, ती बुजवू नका. ग्रॅनाइटने कॅन्सर होतो, याने होत नाही. शेवटी हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'.

लिंबापासून सुरू करते, कारण मावशीचं नुकसान तिथेच झालं.

ट्रॅव्हर्टाइन म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. झऱ्याचं पाणी, बऱ्याचदा गरम पाण्याच्या झऱ्याचं, जमिनीखालचा चुना विरघळवून वर आणतं. वर आल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना थरावर थर बसत जातो. रोमजवळच्या तिवोलीचा दगड असाच तयार झाला, तुर्कस्तानातल्या पामुक्कलेचे पांढरे टप्पेही असेच. आता उठून आपल्या बाथरूममध्ये जा. बोअरचं पाणी असेल तर नळाच्या तोंडाला, बादलीच्या आतून, गीझरच्या कॉइलवर पांढरा खरबरीत थर धरलेला दिसेल. त्यातही मोठा भाग याच कॅल्शियम कार्बोनेटचा. हा थर आणि मावशीचा ओटा सख्खी भावंडं आहेत. आणि नळावरचा थर घालवायला आपण काय वापरतो? लिंबू, नाहीतर व्हिनेगर. तेच फरशीला लावा म्हणतात! थर जाणारच हो, पण इथे थर म्हणजेच फरशी.

शाळेत चुनखडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून फसफस दाखवायचे, आठवतंय का? आपल्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये तेच ॲसिड असतं. आणि त्यात ब्लीचिंग पावडर मिसळा हे तर ज्याने कोणी लिहिलंय त्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये हा प्रयोग केलात तर फरशीचं काय झालं ते बघायला शुद्धीवर राहाल की नाही, हाच प्रश्न आहे. बाकी मेसेज विसरलात तरी चालेल, ही ओळ मात्र ज्यांना ज्यांना पाठवलीत त्यांना फोन करून खोडून काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीकडे गेले. मिक्सरच्या शेजारी एक गोल, आधी कापलेलं लिंबू उपडं ठेवावं तेवढाच असणार. समोरून बघितलं तर काहीच नाही. मान वाकवून खिडकीच्या उजेडाकडे बघितलं की दिसतं, आजूबाजूची तुकतुकी तिथे नाही. बोट फिरवलं तर किंचित खरखर. मावशीने ते घालवायला पुन्हा लिंबूच चोळलं होतं, त्यामुळे गोलाची झाली होती पुरी.

हा डाग नव्हे. डाग म्हणजे तेल, हळद असं काहीतरी दगडात मुरलेलं. इथे उलट आहे, दगडाचाच वरचा पापुद्रा विरघळून गेलाय. म्हणून तो पुसून जात नाही. डायमंड पॅडने, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेल्या घासायच्या चकतीने घासून तेवढा भाग पुन्हा सारखा करावा लागतो.

माझ्यावर विश्वास नसेल तर नॅचरल स्टोन इन्स्टिट्यूटचं ऐका. ही अमेरिकेतली दगड व्यवसायाचीच संघटना आहे, म्हणजे दगड विकणाऱ्यांची, लावणाऱ्यांची. त्यांच्या देखभालीच्या सूचनांत सरळ लिहिलंय की संगमरवर, चुनखडी, ट्रॅव्हर्टाइन आणि ऑनिक्स यांवर लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड असलेलं काहीही वापरू नका. ज्यांचं पोट दगडावर चालतं तेच नको म्हणताहेत, आणि आपण ऐकतो कुणाचं? सोसायटीच्या ग्रुपचं. पुसायला पाणी आणि भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब पुरतात. मिस्त्रीलाही आधीच बजावून ठेवा. ग्राउटिंगनंतरचा, म्हणजे सांधे भरल्यानंतरचा पांढरा पापुद्रा काढायला ॲसिड मारायची त्यांना सवय असते. व्हिट्रिफाइड टाइलला ते एक वेळ चालून जातं, याला नाही.

यावर हमखास येणारं उत्तर: "आमच्या आजीच्या ओट्याला कडाप्पा होता, त्यावर आयुष्यभर लिंबं कापली." बरोबर. कडाप्पाही चुनखडीचाच दगड, कोटा आणि शहाबादीही त्यातलेच. आजीच्या ओट्यावर ते पांढुरके चट्टे नव्हते का? होते. सणावाराला त्यावर तेलाचा हात फिरवायचे आणि चट्टे लपायचे. पन्नास रुपयांच्या फरशीचं जे कुणी मनाला लावून घेत नाही, तेच इम्पोर्टेड दगडावर झालं की रात्री पावणेदहाला फोन येतो. आपल्या नाशिकचा काळा पाषाण निराळा. पांडवलेणी ज्यात कोरली, तो बसाल्ट. लाव्हाचा दगड, त्यात हा चुन्याचा मामला नाही.

आता कोलोसियम. इसवी सन ८० मध्ये ते खुलं झालं आणि बाहेरची भिंत ट्रॅव्हर्टाइनची आहे, हे खरं. पण ते हातभर जाडीचे ठोकळे आहेत, मावशीचा ओटा १८ मिलिमीटरचा. शिवाय १३४९ च्या भूकंपात बाहेरच्या भिंतीचा मोठा भाग कोसळला आणि पडलेला दगड लोकांनी दुसऱ्या इमारतींना नेला. जो उरला तो झिजलेला, खड्डे पडलेला आहे. तसा ओटा चालत असेल तर लिंबू खुशाल चोळा. तिथे कुणी चिंचेचा कोळ काढला नाही, मिसळीची ताटली ठेवली नाही.

सीलरचं अर्धसत्य आहे. चांगला सीलर दगडाच्या छिद्रांत बसतो, तेल आणि हळद लगेच आत जाऊ देत नाही, पुसायला वेळ मिळतो. पण तो लिंबाला अडवत नाही, कारण लिंबाला आत शिरायचंच नसतं, ते वरच काम करतं. आणि जन्मभर तर मुळीच टिकत नाही. पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थोड्या वेळाने त्याखालचा दगड काळपट दिसला की पुन्हा मारायची वेळ झाली.

थंडाव्याचं मात्र मान्य करावं लागेल, नाइलाजाने. पायाला गार लागतं, आणि गच्चीवर फिका दगड काळ्या दगडापेक्षा कमी तापतो. पण गार लागणं म्हणजे तळपायाची उष्णता दगडाने पटकन ओढून घेणं; खोलीचं तापमान १० अंशांनी उतरणं नव्हे. तसं असतं तर मे महिन्यात मावशीने कूलर कशाला लावला असता?

भोकांचा श्वास वगैरे काही नाही. चुना बसताना अडकलेले वायूचे बुडबुडे आणि शेवाळ, काड्या यांच्या जागा त्या. बागेतल्या भिंतीला उघड्या ठेवा, छान दिसतात. ओट्यावर ठेवल्यात तर त्यात कणीक जाऊन बसेल. रेझिनने भरून आलेलीच फरशी घ्या.

ग्रॅनाइट आणि कॅन्सर: ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचा अंश असतो, पण ओट्यामुळे घरातला किरणोत्सर्ग लक्षात येण्याइतका वाढण्याची शक्यता अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही फारच कमी सांगितली आहे. पुढे.

मावशीने ओटा काढला नाही. कारागिराने सगळाच घासून मॅट करून दिला, त्यावर नवे व्रण तितके उठून दिसत नाहीत, आणि लिंबू आता पाटावर कापलं जातं. उरलेल्या फरशीचा एक तुकडा तिने खिडकीत ठेवलाय. कोणी आलं की त्यावर लिंबू पिळून बारीक बुडबुडे दाखवते. परवा शेजारच्या काकूंना दाखवताना एक थेंब ओट्यावर उडाला.