गॅलरीतलं ऊन
तुमच्या व्हिटॅमिन डीवरच्या लेखात बायोकेमिस्ट हेक्टर डेलुकांच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या लॅबचं काम मस्त सांगितलंय, उन्हानं कातडीत तयार झालेलं डी आधी लिव्हरमधे बदलतं मग किडनीत आणि तिथून निघतं ते चक्क हार्मोन, १९७१ ला त्याची रचना कळली. मी इतकी वर्षं नुसतं व्हिटॅमिनच समजत होते.

आमच्याकडे इंदूरला आईच्या रक्तात डी फक्त ११ निघालं, म्हणजे कमीच. ती म्हणे, "मी रोज तासभर उन्हात बसते की गं!" बसते खरी, पण धूळ येते म्हणून गॅलरीच्या काचा लावून! काचेतून ऊब येते, पण कातडीत डी बनवणारे उन्हातले यूव्हीबी किरण जवळपास येतच नाहीत. मग डॉक्टरांनी डीची ६०,००० युनिटची पुडी दिली, आठवड्यातून एक. केमिस्टनं वर फक्त "दुधातून" लिहिलं आणि आईसाहेब रोज एक! कचऱ्याच्या डब्यात चार रिकामी पाकिटं दिसली तेव्हा कळलं. अहो हे काय पोह्यांवरचा जीरावन मसाला आहे का, चिमूटभर जास्त पडलं तर पडलं? चरबीत साठून राहतं ते, फार झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं. डॉक्टरांनी लगेच थांबवलं, आई ठीक आहे.

बाकी पॅराथायरॉइडचं, म्हणजे गळ्यातल्या त्या छोट्या ग्रंथींचं, दोन ओळीत उरकलंत. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्याच ग्रंथी किडनीला हे हार्मोन बनवायच्या कामाला लावतात ना, त्यावर जरा सविस्तर लिहा की.