गिरणीत फुटलेला पासवर्ड

परवा गिरणीत गव्हाचा डबा ठेवून नंबराची वाट बघत होते, तेवढ्यात मोबाईलवर टिंग. ‘तुमच्या खात्यात मुंबईहून नवीन साइन-इन. हे तुम्हीच होता का?’ मी सांगलीत, केसांवर पीठ, मुंबईला कशाला मरायला जाऊ? ‘अगंबाई, हॅक!’ असं मोठ्यानं निघालं तोंडातून, आणि तिथंच चुकलं.

पुढच्या नंबरचे ज्वारीवाले काका वळले. “मुंबईत कुठं?”

म्हटलं, नुसतं मुंबई लिहिलंय.

“असं कसं? अंधेरी का दादर सांगाय नको? आमचा साडू डोंबिवलीत असतो, जाऊन बघून आला असता.” मग म्हणाले, आधी बॅटरी काढा. म्हटलं काका, ह्या फोनची निघत नाही. “मग तिथंच फसलाय तुम्ही. १९३० ला लावा.” अहो, तो सायबर फसवणुकीचा नंबर, पैसे गेल्यावरचा, माझे अजून गेले नाहीत. “मग जाईपर्यंत थांबा.”

गिरणीची घरघर, त्यामुळं दोघंही ओरडून बोलत होतो, आणि त्याच सुरात त्यांनी विचारलं, “पासवर्ड काय ठेवलावता?” आणि मी, एमकॉम झालेली बाई, ओरडले की पोराचं नाव आणि पुढं २०१४! नेमका तेव्हाच पट्टा सुटला आणि गिरणी बंद. अख्ख्या रांगेनं ऐकलं. गिरणीवाला म्हणाला, “आमचा धाकटापण चौदाचाच की वहिनी.”

मेलमधल्या लिंकला हात लावला नाही, सेटिंगमधून जाऊन ‘मी नव्हते’ दाबलं, एवढी अक्कल शाबूत होती. घरी आले तर चिरंजीव रडकुंडीला. नव्या टॅबवर माझंच खातं टाकलं होतं त्यानं आणि मी त्यालाच हाकलला होता. आमच्या ब्रॉडबँडचं गेटवे, म्हणजे इंटरनेटला जोडणारं नाकं, म्हणे मुंबईला, म्हणून पत्ता मुंबईचा. मग तसं लिहा ना मेल्यांनो, इथं बीपी वाढतं माणसाचं!

आता नवा पासवर्ड, तर कोड जाणार माझ्या जुन्या नंबरवर. तो मी कधीच सोडला, आणि बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊन टाकतात. ही माझी चूक, कबूल, पण ह्या खातेवाल्यांनी गेल्या कित्येक वर्षांत एकदा तरी नीट विचारायचं, नंबर तोच आहे का म्हणून. शेवटी लाज सोडून त्या नंबरला फोन लावला. कोणी भाऊ होते. म्हटलं दादा, आत्ता सहा आकडी कोड आला असेल, तेवढा सांगता का?

“आलाय की. पण ओटीपी मी कुणाला सांगत नाही. परत फोन केलात तर १९३० ला कळवीन.”