जांघेतील गाठ चोळून विरघळत नाही

‘पाळीत जांघेत दुखणारी गाठ : ऑपरेशन नको, हे करा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या मराठी व्हॉट्सअॅप गटांतून फिरतो आहे. त्यात पाच दावे केले आहेत. ही गाठ म्हणजे पॅडमुळे अडून मागे फिरलेले आणि जांघेत साचलेले पाळीचे रक्त होय. कोमट एरंडेलाने ती रोज जोर देऊन चोळली व शेकली की विरघळते. पोटाच्या सोनोग्राफीत दोष दिसला नाही तर पुढच्या तपासण्या अनावश्यक आहेत. लग्न होऊन मूल झाले की त्रास कायमचा जातो. आणि गाठीला सुरी लागली तर तिचा कर्करोग होतो. माझ्या बहिणीने हा संदेश आपल्या मुलीला पाठवला आणि मुलीने सर्जनकडे घेतलेली वेळ रद्द केली, म्हणून त्याचे उत्तर देणे मला भाग आहे.

पॅडचा दावा आधी निकालात काढते. शरीराबाहेर पडलेले रक्त पॅडमुळे मागे वळून जांघेत जाईल अशी कोणतीही वाट स्त्रीच्या शरीरात नाही. पाळीचे थोडे रक्त गर्भनलिकांतून उलट दिशेने ओटीपोटात उतरते, एवढे खरे आहे. परंतु ते बहुतेक स्त्रियांमध्ये घडते, पॅडशी त्याचा संबंध नसतो आणि त्यांपैकी बहुतेकींना काहीही होत नाही. ज्या आजाराविषयी हा संदेश नाव न घेता बोलतो तो एंडोमेट्रिओसिस होय. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, संप्रेरकांच्या चढउतारानुसार सुजतात आणि तेथे रक्तस्राव होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. जांघेत तो क्वचितच, एंडोमेट्रिओसिसच्या एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत, आढळतो आणि नोंदवलेल्या रुग्णांत बहुतेक वेळा उजव्या बाजूला असतो. गर्भाशयाला पुढच्या बाजूने धरून ठेवणारा राउंड लिगामेंट नावाचा दोरीसारखा बंध जांघेतील नलिकेतून बाहेर येतो, आणि अशा गाठी बहुधा त्याच्याच आधाराने वाढतात. या बंधावरील अशा गाठीचे वर्णन थॉमस कलेन यांनी अमेरिकेत १८९६ साली केले होते. तेव्हा आजच्यासारखी पॅड रुळलेलीही नव्हती.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे. गाठ पाळीत दुखते एवढ्यावरून ती कशाची आहे हे संदेश लिहिणाऱ्याने ठरवून टाकले आणि लगेच ती जोर देऊन चोळायला सांगितले. स्त्रीच्या जांघेत गाठ येण्याची कारणे अनेक आहेत. पायाला जखम झाल्यावर येणारे साधे अवधाण असू शकते, क्षयाने सुजलेली लसीकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, असू शकते, चरबीची गाठ असू शकते, पाण्याने भरलेली पिशवी असू शकते, क्वचित लसीकाग्रंथींचा कर्करोग असू शकतो, आणि हर्नियाही असू शकतो. यांपैकी फेमोरल हर्निया, म्हणजे मांडीच्या वरच्या टोकाशी येणारा हर्निया, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, आणि त्याच्या अरुंद तोंडात आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका मोठा असतो. आत आतड्याचे वेटोळे असलेली अशी गाठ एखादी मुलगी तेल लावून रोज दाबत राहिली, उलट्या सुरू झाल्यावरही ‘गाठ विरघळते आहे’ म्हणून घरीच थांबली, तर तिच्या जिवावर बेतेल. गाठ एकाएकी कडक झाली, आत जाईनाशी झाली, तिच्यासोबत उलट्या किंवा पोटफुगी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. गाठ खरोखरच एंडोमेट्रिओसिसची असली, तरी एरंडेल त्वचेखालच्या त्या पेशी नाहीशा करत नाही. शेकाने वेदना काही वेळ सुसह्य होते, हे मी मान्य करते. पण त्याच आरामामुळे निदान महिनोन्‌महिने लांबते.

शिवाय पाळीशी नाते ही खूण एकटी पुरेशी नाही. जांघेतील एंडोमेट्रिओसिस असलेल्या काही स्त्रियांना महिनाभर सारखेच दुखते, आणि म्हणूनच कित्येकींची गाठ हर्निया समजून उघडली जाते व खरे कारण पॅथॉलॉजीच्या अहवालातून कळते.

सोनोग्राफीविषयी थोडक्यात सांगते. गर्भाशय व बीजकोशांसाठी केलेल्या तपासणीत जांघ पाहिलेलीच नसते. जांघेची सोनोग्राफी वरवरच्या भागासाठी असलेल्या प्रोबने, म्हणजे त्वचेवर फिरवायच्या उपकरणाने, वेगळी करावी लागते, आणि शक्यतो गाठ दुखत असताना करावी. एमआरआयमध्ये गाठीतले जुने रक्त ओळखू येते व ती किती खोल गेली आहे हे समजते. अखेरचा निर्णय काढलेल्या ऊतीत अस्तराच्या ग्रंथी आणि त्यांच्याभोवतीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्यावर होतो.

लग्न आणि मूल या सल्ल्याने मला सर्वाधिक संताप आला, कारण तो मुलीला पाठवताना घरच्यांना आपण तिच्या भल्याचे बोलतो असेच वाटत असते. गरोदरपणात व अंगावर पाजताना पाळी थांबते आणि काहींचा त्रास त्या काळापुरता कमी होतो, इतकेच त्यात तथ्य आहे. युरोपातील मानवी प्रजनन व भ्रूणविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एश्रीच्या, २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की केवळ एंडोमेट्रिओसिसवरील उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, कारण त्यामुळे लक्षणे सुधारतात किंवा आजाराची वाढ थांबते असे नेहमी घडत नाही. ज्या आजारात काही स्त्रियांना गर्भ राहणेच अवघड जाते, त्यावर मूल हा उपाय सांगणे क्रूरपणाचे आहे. गर्भाशय काढून टाकण्याचा सल्लाही काही घरांत दिला जातो. त्याने जांघेतली गाठ तिथेच राहते आणि बीजकोश शाबूत असतील तर त्यांची संप्रेरकेही तिला मिळत राहतात.

कर्करोगाच्या दाव्यात कारण आणि परिणाम उलटे मांडले आहेत. अशा गाठीत कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या अतिशय दुर्मीळ आहेत, आणि शस्त्रक्रियेने कर्करोग होत नाही. गाठ अर्धवट काढली तर ती पुन्हा वाढू शकते, हे खरे. म्हणूनच ती न फोडता, भोवतीच्या निरोगी ऊतीच्या किनारीसह आणि बंधाच्या बाधित भागासह पूर्ण काढतात, व हर्निया असल्यास त्याच वेळी दुरुस्त करतात. एश्रीच्या त्याच तत्त्वांनुसार ओटीपोटाबाहेर, पोटाच्या भिंतीसारख्या जागी असलेल्या एंडोमेट्रिओसिसमध्ये लक्षणे घालवण्यासाठी शक्य असेल तेव्हा गाठ काढणे हा पसंतीचा उपचार आहे. शस्त्रक्रिया शक्य नसेल किंवा रुग्णाला नको असेल, तर डायनोजेस्ट किंवा गर्भनिरोधक गोळ्यांसारख्या संप्रेरक औषधांचा पर्याय राहतो. ही औषधे आजार दाबून ठेवतात, पण बंद केल्यावर दुखणे परतू शकते.

जिला अशी गाठ आहे तिने ती कधी वाढते, कधी दुखते आणि पाळी कधी येते याच्या तारखा लिहून ठेवाव्यात व सर्जनने विचारले नाही तरी दाखवाव्यात. पाळीत पोटात असह्य दुखते का, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखते का, हेही सांगावे, कारण ओटीपोटातही आजार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन शस्त्रक्रियेचे नियोजन करावे लागते. आणि गाठ हर्निया म्हणून काढली जाणार असली, तरी काढलेली ऊती पॅथॉलॉजीकडे पाठवणार का, हे भूल देण्याआधीच विचारून घ्यावे.